वरातीत तापते की घाटात? जुन्या गाडीचं इंजिन गरम का होतं, हे असं ओळखा

मे महिन्यातलं लग्न. नवरदेवासाठी आजोबांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी खास पॉलिश करून आणलेली. समोरच्या जाळीवर झेंडूचे हार, बॉनेटवर फुलांची चादर. बँड वाजायला लागतो, वरात निघते आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागते. अर्ध्या तासात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागते. नवरदेव खाली उतरतो आणि उरलेली वरात पायीच मांडवापर्यंत पोचते.

कुणीतरी ओरडतं, "पाणी टाका, पाणी!" शेजारच्या घरातून बोअरचं बादलीभर पाणी येतं. रेडिएटरमध्ये ओतलं जातं. गाडी थंड होते. आणि सगळ्यांचं एका वाक्यावर एकमत होतं, "जुनी गाडी आहे, तापणारच."

यातली दोन गृहीतकं चुकीची आहेत. पहिलं म्हणजे जुनी गाडी तापणारच. दुसरं म्हणजे पाणी टाकलं की विषय संपला. बुलढाणा जिल्ह्यात तर दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण इथल्या बऱ्याच गावांत गाडी थंड करायला टाकलेलं पाणीच पुढच्या वेळी ती तापण्याचं कारण ठरतं.

ते कसं, तेच समजून घेऊ.

जुनी गाडी तापलीच पाहिजे असं नाही

पद्मिनीचंच उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने बनायला लागली. १९७४ मध्ये तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, पण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

म्हणजे दादर, सायन, अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये, दमट उकाड्यात, दिवसभर ही गाडी धावत होती. तापणं हा तिचा स्वभाव असता तर टॅक्सीवाल्यांनी ती कधीच सोडली असती. गाडी नेहमी तापत असेल तर तिच्यात कुठेतरी बिघाड आहे आणि तो शोधता येतो.

इंजिन थंड राहतं कसं?

पेट्रोल जाळल्यावर जी ऊर्जा तयार होते, तिच्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाकांच्या कामाला येतो. बाकीची उष्णता होते. त्यातली काही सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली मोठी उष्णता पाण्याला बाहेर न्यावी लागते.

हे पाणी इंजिनच्या आतल्या पोकळ्यांमधून फिरतं. त्याला फिरवायचं काम वॉटर पंप करतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाचा छोटा वॉल्व रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी साधारण ८० ते ८५ अंशांवर गेलं की तो उघडतो. गरम पाणी वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांमधून खाली उतरतं, समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होतं आणि खालच्या पाइपने परत इंजिनमध्ये जातं. गाडी हळू असेल तेव्हा वारा ओढायला फॅन असतो. जुन्या गाड्यांमध्ये तो बहुतेक वेळा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो.

चौथी गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित आहे. ती म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते फक्त पाणी सांडू नये म्हणून नसतं. त्यातली स्प्रिंग आत दाब टिकवते आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पण ७ पीएसआयचं चांगलं झाकण लावलेल्या रेडिएटरमध्ये तेच पाणी साधारण ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की हे बारा अंशांचं संरक्षण गेलं.

थोडक्यात, हिशोब चार गोष्टींचा आहे. पाणी, पाण्याचं फिरणं, हवा आणि दाब. यातलं काय कमी पडलं ते शोधणं म्हणजेच बिघाड शोधणं.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात लोक सहज बोलताना जिल्ह्याचे दोन भाग करतात. घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग. मलकापूरहून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट चढावा लागतो, खामगावहून यायचं तर बोथा घाट.

जुन्या गाडीसाठी ही परीक्षाच आहे. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली पारा ४२ ते ४४ अंशांवर जाणं नवीन नाही. आता साधं गणित बघा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ चा. हवा ४४ अंश झाली तर फरक उरतो ४६ चा. म्हणजे तोच रेडिएटर, तीच गाडी, पण थंड करण्याची ताकद जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

चांगल्या स्थितीतली गाडी ही तूट सोसते, कारण तिच्या रेडिएटरमध्ये थोडी ताकद शिल्लक असते. ज्या गाडीचा रेडिएटर आधीच अर्धा बुजलाय, तिच्याकडे ही शिल्लक नसते. म्हणून जो बिघाड डिसेंबरमध्ये लपून राहतो, तो मे महिन्यात राजूर घाटात बाहेर येतो.

खरा प्रश्न : गाडी कधी तापते?

गॅरेजमध्ये गेल्यावर बहुतेक जण सांगतात, "गाडी गरम होते." चांगला मेकॅनिक यावर लगेच विचारतो, "कधी?" कारण त्या एका उत्तरात अर्धं निदान असतं. त्यासाठी चार प्रसंग लक्षात ठेवा.

१. वरातीत तापते, हायवेवर ठीक

गाडी गर्दीत, सिग्नलला, शेगावात मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रांगेत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर लागली की काटा खाली येतो. याचा अर्थ पाणी नीट फिरतंय, हवा कमी पडतेय. वेगात असताना समोरचा वारा ती कसर भरून काढतो.

आधी फॅन बेल्ट बघा. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा. तो साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक, लोंबत असेल तर ढिला आहे. पट्टा चकाकत असेल तर तो घसरतोय. त्यानंतर फॅनची पाती तपासा. तुटलेली किंवा उलटी बसवलेली पाती हा जुन्या गाड्यांमध्ये सापडणारा बिघाड आहे. फॅनभोवती मूळचं पत्र्याचं कडं असेल आणि कुणी ते काढून टाकलं असेल, तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे, कापसाचे तंतू, माती हेही कारण असतं. खामगाव, मलकापूर हा कापसाचा पट्टा आहे, हंगामात कापसाच्या गाड्यांमागून चाललं की जाळीत काय अडकतं ते पाहण्यासारखं असतं. मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, कमी दाबाने पाणी मारून ती धुता येते.

आणि वरातीपुरतं बोलायचं तर समोरच्या जाळीवरचे हार काढा. वेग चालण्याचा, फॅन मंद आणि हवेचं तोंड झेंडूने बंद. अशी कुठलीही गाडी तापेल. फुलं बॉनेटवर आणि टपावर लावा.

२. हायवेवर तापते, गावात ठीक

ही उलटी तऱ्हा. मलकापूर-नांदुरा-खामगाव असा राष्ट्रीय महामार्ग ५३ सपाट आणि सरळ आहे. गावात व्यवस्थित चालणारी गाडी इथे ७० च्या वेगाला वीस मिनिटं लागली की काटा वर सरकायला लागतो. हवा भरपूर आहे, म्हणजे आता पाण्याचं फिरणं कमी पडतंय.

पहिला संशय रेडिएटरच्या नळ्यांवर. आतून थर बसून त्या बुजल्या असतील तर कमी वेगात काम भागतं, पण इंजिन जास्त उष्णता तयार करायला लागलं की वाट अपुरी पडते. हे तपासायची सोपी पद्धत आहे. गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा आणि लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरची जाळी ठिकठिकाणी मोजा. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तिथल्या नळ्यांत पाणी जातच नाहीये.

दुसरा संशय खालच्या पाइपवर. वॉटर पंप या पाइपमधून पाणी ओढत असतो. पाइप जुना, मऊ झाला असेल आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर इंजिनचा वेग वाढल्यावर तो स्ट्रॉ चपटा व्हावा तसा चपटा होतो. इंजिन चालू ठेवून, हात आणि ओढणी-उपरणं फॅनपासून लांब ठेवून, दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगा आणि फक्त बघा.

३. घाटात तापते

घाटात वेग कमी आणि इंजिनवर ओझं जास्त. म्हणजे हवा कमी, उष्णता जास्त. त्यामुळे इथे वरचे दोन्ही बिघाड दिसतातच, पण आणखी दोन गोष्टी येतात ज्यांचा पाण्याशी काही संबंध नाही.

एक, इग्निशनचं टायमिंग. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं आणि ती उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी इंजिनच्या भिंतींना आणि सायलेन्सरकडच्या वाटेला मिळते. गाडीत दम नाही आणि ती तापतेय, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर रेडिएटर उतरवण्याआधी पॉइंट आणि टायमिंग तपासा.

दोन, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण. कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल तरी इंजिन गरम चालतं. हा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झालाय, कारण २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल बहुतेक पंपांवर मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. पद्मिनी किंवा जुन्या जीपच्या कार्बोरेटरला हे कळत नाही. साध्या पेट्रोलसाठी लावलेलं जेट तेवढंच इंधन सोडतं आणि मिश्रण पातळ पडतं. जाणकार मेकॅनिककडून कार्बोरेटर पुन्हा लावून घेणं आणि जुन्या रबरी नळ्या बदलणं, हा त्यावरचा मार्ग.

चालवण्याचाही भाग आहे. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कुंथत नेण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळी चालवा. इंजिन थोडं जास्त फिरतं, पण त्याच्याबरोबर वॉटर पंप आणि फॅनही जास्त फिरतात.

४. सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटांत तापते

गाडी अंगणातून बाहेर निघाली नाही तोच काटा लाल रेषेवर. इतक्या लवकर रेडिएटर कमी पडत नसतो. एक तर पाणीच नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा पंप फिरत नाहीये. थर्मोस्टॅट अडकला असेल तर इंजिन तापलेलं पण रेडिएटर थंडच, असं दिसतं.

थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि पाणी तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. नाही उघडला तर नवा टाका.

अनेक ठिकाणी मात्र सल्ला मिळतो, "काढूनच टाक, आपल्याकडे गरजच काय?" रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं हे ठीक. कायमचं नाही. इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आतली झीज वाढते. शिवाय खरा बिघाड बुजलेल्या रेडिएटरचा असेल तर तो काही दिवस झाकला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात मोठा होऊन समोर येतो.

आणि पाचवी शंका : काटा खोटं बोलतोय का?

हे कुणी तपासत नाही. हेडलाइट किंवा वायपर लावल्यावर काटा हलत असेल तर दोष वायरिंगच्या अर्थिंगमध्ये असू शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या जागेजवळ धरून मोजा. काटा लाल आणि इंजिन ८५ अंशांवर असेल, तर रेडिएटरवर खर्च करायची गरज नाही.

तसंच, गरम गाडी चहाला थांबवली आणि नंतर सुरूच होईना, तर तो बहुतेक वेळा वेगळा आजार असतो. पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो, त्याला व्हेपर लॉक म्हणतात. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते यासाठीच.

आता मूळ मुद्दा : बादलीतलं पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. बुलढाण्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली गावं त्यात येतात. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो. हे तिथल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. पट्ट्याबाहेरही अनेक गावांत बोअरचं पाणी जडच असतं.

जो थर हंड्याला बसतो, तोच रेडिएटरला बसतो. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार पाणी तापलं की घट्ट होऊन भिंतीला चिकटतो. आणि इंजिनमध्ये पाणी रोज तापतं. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही आणि रेडिएटरच्या मुळातच बारीक असलेल्या नळ्या आणखी बारीक करतो.

खरी गोम पुढे आहे. गाडी तापल्यावर जे उडून जातं ती वाफ असते, आणि वाफ म्हणजे शुद्ध पाणी. क्षार आतच राहतात. त्यावर पुन्हा क्षाराचं पाणी ओतलं जातं.

एक हिशोब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. समजा पाणी या शेवटच्या मर्यादेवरचं आहे. गाडी रोज अर्धा लिटर पाणी वाफेने घालवते आणि रोज तेवढं भरलं जातं. उन्हाळ्याच्या १०० दिवसांत ५० लिटर पाणी गेलं. मागे राहिले १०० ग्रॅम क्षार. सगळेच भिंतीला चिकटत नाहीत, काही पाण्यात फिरत राहतात. पण पेन्सिलीपेक्षा अरुंद नळ्यांच्या जाळ्यासाठी १०० ग्रॅम ही छोटी गोष्ट नाही.

म्हणजे गाडी तापली म्हणून पाणी टाकलं, पाण्याने थर वाढला, थर वाढला म्हणून गाडी जास्त तापली, म्हणून आणखी पाणी. हे चक्र पाणी टाकून थांबत नाही.

खाऱ्या पाण्यातले क्लोराइड धातूही खातात. पद्मिनीच्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आहे, पण वरचं हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियमला खारं पाणी अजिबात मानवत नाही आणि जास्त तापलं की ते वाकतंही लवकर. हेड वाकलं की गॅस्केट उडते. मग पाणी ऑइलमध्ये जातं, ऑइल दुधाळ चहासारखं दिसायला लागतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. जुन्या पेट्रोल ॲम्बेसिडरचं हेड बिडाचं असल्याने ते जरा जास्त सोसतं, पण रेडिएटर तिचाही बुजतोच.

पद्मिनी बनणं थांबून पंचवीस वर्षं झाली. थर्मोस्टॅट, झाकण, पाइप, पट्टा हे सुटे भाग आजही जमवता येतात. गंजून पोखरलेल्या हेडच्या जागी चांगलं हेड शोधणं ही मात्र वेगळीच मोहीम असते. अनेक घरांत अशी गाडी शेडमध्ये उभी राहते ती याच टप्प्यावर, आणि मग उभीच राहते.

मग पाणी कोणतं टाकायचं?

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात कूलंट. कूलंट थंड प्रदेशासाठी असतं, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, असा एक समज आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात आणि त्याने पाणी उशिरा उकळतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात या दोन्हींची गरज आहे. प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, तेच पाळा. नुसतं आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण गंज रोखण्यासाठी त्यातही कूलंट हवंच.

एक इशारा. बहुतेक कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, लहान मुलं आणि जनावरं ते पिऊ शकतात.

नवं पाणी भरण्याआधी जुनं पूर्ण काढून, स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत आतून धुवून घ्या. थर जुना असेल तर हे पुरणार नाही. जुन्या गाड्यांचे रेडिएटर बहुधा तांब्या-पितळेचे असतात, हा त्यांचा मोठा फायदा. रेडिएटरवाला वरची टाकी उघडून नळ्यांमधून सळई फिरवतो, ज्याला रॉडिंग म्हणतात, आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवतो. ॲसिड टाकून घरच्या घरी साफ करायचा प्रयोग ॲल्युमिनियमचं हेड असलेल्या गाडीवर करू नका.

गाडी तापली तर त्या क्षणी काय करायचं?

काटा वर चढतोय पण वाफ नाही, तर बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये इंजिन जरा वाढवून मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. पंप आणि फॅन फिरत राहतात, काटा उतरू शकतो. वाफ येत असेल, पट्टा तुटला असेल किंवा काटा उतरतच नसेल तर लगेच इंजिन बंद.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत पाणी १०० अंशांच्या वर असतं आणि फक्त दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्याच क्षणी त्यातलं काही पाणी वाफ होऊन उरलेलं उकळतं पाणी वर फेकतं. तोंड बरोबर त्यावर वाकलेलं असतं. फडकं धरून उघडलं तरी ते तुम्हाला वाचवत नाही.

किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाइप हाताला सहन होईल इतका निवला की जाड फडक्याने झाकण आधी अर्धंच फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. पाणी थोडं थोडं टाका. तापलेल्या इंजिनमध्ये एकदम गार पाणी ओतलं तर हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. रस्त्यात दुसरं काहीच नसेल तर बोअरचं पाणी टाका, घरी पोचा आणि त्या आठवड्यात ते काढून टाका. वाफेचं प्रमाण जास्त असेल तर हट्टाने चालवत नेऊ नका. टोचन करून नेलेली गाडी दुरुस्त होते, घाटात इंजिन जाम झालेली गाडी सहसा खोलावीच लागते.

स्वस्तापासून महागापर्यंत, या क्रमाने तपासा

१. काटा खरा आहे का, ते थर्मामीटरने बघा.
२. थंड इंजिनवर पाण्याची पातळी आणि पाण्याचा रंग बघा. गढूळ-तांबूस म्हणजे गंज, पांढरट साका म्हणजे क्षार.
३. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग. जास्त दाबाचं झाकण लावून बघू नका, जुना रेडिएटर फुटेल.
४. फॅन बेल्ट, फॅनची पाती, जाळीतला कचरा.
५. वरचा-खालचा पाइप आणि गळती.
६. थर्मोस्टॅट.
७. पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर.
८. रेडिएटरचं रॉडिंग.
९. वॉटर पंप.
१०. इथवर सगळं ठीक आणि तरी गळती नसताना पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

बऱ्याचदा उलटं होतं. थेट रेडिएटर बदलला जातो, मग पंप, मग हेड खोललं जातं आणि शेवटी कळतं की झाकण खराब होतं. म्हणून गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर एक नोंद ठेवा. गाडी कुठे तापली, वेग किती होता, किती मिनिटांनी तापली, पाणी किती कमी झालं आणि कुठलं पाणी भरलं. पाच ओळींचा तो कागद मेकॅनिकच्या हातात दिला तर त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे बरेच पैसे वाचतात.

आणि पुढच्या लग्नसराईत पद्मिनी बाहेर काढणार असाल, तर पॉलिश करायच्या आधी रेडिएटरमधलं पाणी बदला.